फक्त शुगर मोजणाऱ्या गणेश मंडळांना

मंडळाचे अध्यक्ष, खजिनदार आणि पावसापाण्यात दारोदार वर्गणी मागणारे सगळे कार्यकर्ते,
सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मला पाहिलंय, नाव माहीत नसेल. मांडवाच्या कडेला, स्पीकरच्या भिंतीपासून जमेल तितकं लांब टेबल टाकून लोकांच्या बोटाला सुई टोचणारी ती बाई मी. 'रक्तवाल्या काकू.' एकतीस वर्षं तालुक्याच्या गावातल्या लॅबमध्ये दंडाला रबर बांधून शिरा शोधल्या. निवृत्त झाल्यावर तुमच्या शिबिरांच्या हाताशी आले. चहा वेळेवर मिळतो, मोदक मिळतो, शेवटच्या दिवशी शाल-श्रीफळ मिळतं. तुमच्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे आहे, पण तितकीच माझ्याबद्दलही आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मंडळाची मूर्ती आणणारा टेम्पोवाला. वय सत्तेचाळीस, हातपाय काटकुळे, पोट मात्र शर्टाच्या खालच्या दोन बटणांना ताण देणारं. ओठाखाली तंबाखूची गोळी. रांग संपत आली तेव्हा म्हणाला, "काकू, माझी पण बघा की." बोट पुसलं, टोचलं, पट्टीला थेंब लावला. पाच सेकंदांत यंत्रावर १३८. सकाळी कधी खाल्लं, काय खाल्लं, मी विचारलं नाही. मागे अजून सहा जण उभे होते आणि आरतीची वेळ झाली होती. कार्डावर लिहिलं, 'शुगर १३८, ठीक.' त्यातला 'ठीक' हा शब्द कुठल्याही यंत्राने दिला नव्हता. तो माझा.

तुळशीच्या लग्नाच्या आठवड्यात एका रात्री त्याच्या पोटात वरच्या बाजूला जळजळायला लागलं. घाम फुटला. छातीत कळ वगैरे काही नाही. पित्त खवळलंय म्हणून थंड दूध प्यायला, पित्ताची गोळी घेतली आणि झोपला. दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढताना दम लागला, चार पावलांवर बसून घ्यावं लागलं, तेव्हा कुठे घरच्यांनी दवाखान्यात नेलं. ईसीजीत दिसलं, झटका आदल्या रात्रीच येऊन गेला होता. अँजिओग्राफीत तिन्ही मुख्य धमन्यांत अडथळे. तीन महिन्यांची शुगर, म्हणजे एचबीए१सी, ७.९ निघाली. डॉक्टरांनी बायकोला विचारलं, "यांना डायबेटिस किती वर्षं आहे?" तिने रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून आपलं ते शिबिराचं कार्ड काढून त्यांच्यापुढे धरलं. "नाही हो, गणपतीतच तपासलीय. ठीक आहे म्हणाल्या."

बायपास झाली. माणूस आहे, टेम्पो आता पुतण्या चालवतो. हे सगळं मला त्याच्या बायकोनेच सांगितलं, अजिबात न रागावता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं.

चूक कुठे झाली ते आता सांगते, म्हणजे पुढच्या वर्षी तुम्ही फ्लेक्स छापायला द्याल तेव्हा 'मोफत मधुमेह तपासणी' या तीन शब्दांपाशी थोडे थबकाल.

पहिलं म्हणजे, खाऊनपिऊन आलेल्या माणसाच्या बोटातून काढलेला एक आकडा मधुमेह नाही असं सांगूच शकत नाही. २००च्या पुढे असेल तर शंका घ्यायला जागा आहे; १३८वर गप्प बसायला नाही. मधुमेह ठरवायचा तर उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीए१सी ६.५ किंवा जास्त, आणि तेही लॅबमध्ये शिरेतून घेतलेल्या रक्तावर. हे मला पाठ होतं. टेबलावर बसलं की पाठांतर कुठे जातं, देव जाणे.

दुसरी गोष्ट त्या रात्रीच्या जळजळीची. बरीच वर्षं वाढलेली शुगर पायांच्या नसा बधिर करते हे लोकांना माहीत असतं. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही असं रुग्ण सांगतात. हृदयाकडून दुखण्याचा निरोप आणणाऱ्या नसाही तशाच मंदावतात. मग सिनेमात दाखवतात तशी छाती धरून कोसळण्याची वेळ येत नाही. पित्त, घाम, दम, विलक्षण थकवा एवढ्यावर झटका येऊन जातो. कधी तेवढंही नाही; वर्षभराने कुठल्यातरी वेगळ्याच कारणासाठी ईसीजी काढतात आणि जुना झटका सापडतो.

आणि तिसरी गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र लिहायला बसले. समजा, मी त्या दिवशी सगळं नीट केलं असतं, उपाशीपोटीच रक्त घेतलं असतं, तरी मी त्याच्या हृदयाबद्दल फक्त एकच गोष्ट मोजली असती. त्याच्या ओठाखालची गोळी मला दिसत होती. बटणांवरचा ताण दिसत होता. बीपी आयुष्यात कधी मोजलं नव्हतं, हे नंतर कळलं. वडील पन्नाशीच्या आत 'झोपेतच गेले', हेही नंतरच कळलं. कार्डावर यातल्या कशालाही रकाना नव्हता.

खजिनदारांना कळेल अशा भाषेत सांगते. २००४ साली ५२ देशांत झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नाव इंटरहार्ट, प्रमुख डॉ. सलीम युसूफ, केरळात जन्मलेले, बंगळुरूच्या सेंट जॉन्समध्ये शिकलेले. पहिला हार्ट अटॅक आलेली पंधरा हजारांवर माणसं आणि अटॅक न आलेली जवळजवळ तितकीच माणसं समोरासमोर ठेवून तपासली. धूम्रपानाने धोका २.८७ पट, मधुमेहाने २.३७ पट, रक्तदाबाने १.९१ पट. आता तिन्ही एकाच माणसात असतील तर? वर्गणीसारखी बेरीज केली तर सातच्या आसपास येतं. प्रत्यक्षात आलं १३ पट. कॅल्क्युलेटर काढा, तिन्ही आकड्यांचा गुणाकार करून बघा. हृदयाचा हिशेब असा चालतो. मधुमेह हा त्यातला एक गुणक आहे. बाकीचे गुणक न बघता तो एकटा मोजून आपण लोकांच्या हातात कार्ड देतो.

त्याच अभ्यासात अशा नऊ गोष्टी निघाल्या ज्यांनी जगभरातल्या पहिल्या झटक्यांपैकी बहुतेक झटक्यांचा उलगडा होतो: पुरुषांत ९० टक्के, बायकांत ९४ टक्के. रक्तातली वाईट चरबी, धूम्रपान, बीपी, मधुमेह, पोटाचा घेर, मनावरचा ताण, दारू, भाज्या-फळांचा अभाव, बैठेपणा. यात काही जगावेगळं नाही, तुमच्या आजीने सांगितलं असतं. पण आपल्याकडच्या लोकांबाबत एक आकडा मला झोपू देत नाही. दक्षिण आशियातल्या माणसांना पहिला झटका आला तो मधल्या हिशेबाने, म्हणजे निम्म्यांना त्याआधी आणि निम्म्यांना त्यानंतर, ५३व्या वर्षी. इतर देशांत ५८.८. म्हणजे सहा वर्षं आधी. मुलीचं लग्न, घराचे हप्ते, सगळं अर्ध्यावर असतं त्या वयात.

धमनीत घडतं काय, तेही थोडक्यात सांगते, कारण कार्यकर्ते विचारतात. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या मसाला चोपडलेल्या उदबत्तीएवढ्या, तीन-चार मिलिमीटरच्या. आतून गुळगुळीत अस्तर. जास्तीची शुगर हे अस्तर वर्षानुवर्षं नासवते. मधुमेहात रक्तातली चरबीही बिघडते: ट्रायग्लिसराइड वर, चांगलं कोलेस्टेरॉल खाली, आणि वाईट कोलेस्टेरॉलचे कण बारीक होऊन अस्तराच्या आत घुसतात. बीपी त्या भिंतीवर सतत आदळतं. तंबाखूने धमनी आवळते. वर रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशीही मधुमेहात जास्त चिकट असतात, त्यामुळे साचलेल्या थराला तडा गेला की गुठळी पटकन धरते. शिवाय मधुमेह्याच्या धमन्यांत अडथळा बऱ्याचदा एका जागी नसतो, लांबलचक पसरलेला असतो, दोन-तीन धमन्यांत असतो. म्हणून अशा रुग्णांना डॉक्टर अनेकदा स्टेंटपेक्षा बायपास सुचवतात. २०१२ सालच्या फ्रीडम नावाच्या चाचणीत तेच सिद्ध झालं. 'पैसे काढायला बायपास सांगतात' असं दर वेळी म्हणू नका, एवढीच विनंती.

आता कोणी म्हणेल, काकू, शुगर आटोक्यात ठेवली की झालं ना? इथेच घोटाळा आहे. शुगर आटोक्यात ठेवल्याने डोळे, मूत्रपिंड, पाय वाचतात, यात वाद नाही, आणि ती ठेवलीच पाहिजे. पण एकट्या शुगरच्या मागे लागून हृदय तितकं वाचत नाही. इंग्लंडमधल्या यूकेपीडीएस अभ्यासात १९९८ साली दिसलं की शुगर काटेकोर ठेवणाऱ्यांत झटके थोडे कमी झाले, पण ठामपणे म्हणावं इतके नाहीत. त्याचा फायदा पुढच्या दहा वर्षांत दिसला. त्याच अभ्यासात बीपी नीट खाली आणलेल्यांचे मधुमेहाशी संबंधित मृत्यू मात्र ३२ टक्क्यांनी घटले. अमेरिकेत अकॉर्ड नावाच्या चाचणीत एचबीए१सी जबरदस्तीने ६च्या खाली न्यायचा प्रयत्न केला, तर त्या गटात मृत्यू वाढले आणि २००८ साली तो भाग थांबवावा लागला.

मग काम कशाने झालं? डेन्मार्कमध्ये स्टेनो-२ म्हणून एक अभ्यास झाला. रुग्ण किती? फक्त १६०. आपल्या एका शिबिराएवढे. निम्म्यांची नेहमीसारखी काळजी घेतली. उरलेल्या निम्म्यांची शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, खाणं, चालणं असं सगळं एकदम धरलं. सुमारे आठ वर्षांत त्यांच्यातले हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे प्रसंग निम्म्यावर आले. २१ वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा ती माणसं मधल्या हिशेबाने ७.९ वर्षं जास्त जगली होती. यात कुठलंही चमत्कारी औषध नव्हतं, होतं ते सगळं एकदम धरणं आणि धरून ठेवणं.

आता कंबर मोजायच्या टेपकडे वळते. तुमच्या शिबिरात वजनकाटा असतो, कारण तो कोणीतरी देणगी दिलाय. टेप नसते. आमचा टेम्पोवाला काट्यावर उभा राहिला असता तर चौसष्ट किलो भरला असता आणि आपण त्याला शाबासकी दिली असती. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याच कोड्यावर आयुष्य घातलं. त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. (बोटाला टोचायच्या सुईलाही आम्ही लॅन्सेटच म्हणतो. पण त्या लॅन्सेटने एका टोचण्यात माझ्या कितीतरी हजार टोचण्यांपेक्षा जास्त दाखवलं.) दोघांचं उंचीच्या मानाने वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रज डॉक्टरांची ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळंही त्यांनी तपासली: सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या बाळांपेक्षा कितीतरी हलकी, पण चरबीत फारशी कमी नाहीत. कमी पडलं ते स्नायूंत. 'आमच्यात कोणी जाड नाही, आम्हाला कसली शुगर' हे वाक्य म्हणूनच मला ऐकवत नाही. बेंबीच्या पातळीवर टेप लावा; पुरुष ९० सेंटिमीटरच्या आणि बाई ८०च्या पुढे असेल तर काटा काय म्हणतो ते सोडून द्या.

तंबाखूचा प्रश्नही विचारायची एक पद्धत आहे. गेल्या वर्षी एका मावशींना विचारलं, "तंबाखू खाता का?" "छे छे, आमच्या घरात कोणी शिवत नाही." "आणि मशेरी?" "ती होय, ती लावते की सकाळ-संध्याकाळ, दात घासायला." महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात ठेवणारे कितीतरी जास्त, आणि मशेरीला कोणी तंबाखू म्हणतच नाही. इंटरहार्टमध्ये नुसती चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका दुपटीहून जास्त निघाला. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. मांडवामागे रिकाम्या पुड्या कोण झाडतं ते मी पाहिलंय, त्यावर अधिक बोलत नाही.

आणि बायका रांगेत का नसतात? नवऱ्याला घेऊन येतात, त्याचं कार्ड पिशवीत घालतात आणि नैवेद्याची वेळ झाली म्हणून जातात. पाळी जाईपर्यंत बाईला हृदयविकारापासून काहीसं संरक्षण असतं, हे खरं. मधुमेह झाला की ते बरंचसं निघून जातं. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८पासून चाललेल्या अभ्यासात हे चाळीसेक वर्षांपूर्वीच दिसलं. जिला गरोदरपणात शुगर निघाली होती तिला तर हाताला धरून टेबलाशी आणा. बाळंतपणानंतर शुगर 'गेली' म्हणून ती विसरलेली असते.

हे फार दूरचं वाटत असेल तर जवळचे आकडे देते. आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली आले: देशात १० कोटींहून अधिक मधुमेही, आणखी १३ कोटींहून अधिक उंबरठ्यावर. राज्यवार सगळ्यात वर कोण? आपला शेजारी गोवा, २६.४ टक्के. प्रौढांत चारातला एक. आणि बीपी त्याच पाहणीत देशभर ३५.५ टक्के. म्हणजे देशातल्या मधुमेह्यांच्या तिप्पट माणसं रांगेत उभी आहेत आणि आपण त्यांचा दंड सोडून बोट धरतोय.

मांडवात लोकमान्यांचा फोटो असतोच. त्यांनाही मधुमेह होता, तो घेऊन त्यांनी मंडालेचा तुरुंगवास काढला. १९२० साली ते गेले आणि पुढच्याच वर्षी कॅनडात इन्सुलिनचा शोध लागला. आपल्या हाताशी आज इन्सुलिन आहे, बीपीच्या साध्या गोळ्या आहेत, कोलेस्टेरॉलची स्टॅटिनची गोळी आहे. मधुमेह असेल आणि चाळिशी उलटली असेल तर कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट बरा दिसला तरी डॉक्टर बहुधा स्टॅटिन देतात. ती व्हॉट्सॲपवरचा मेसेज वाचून बंद करणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात. एम्पाग्लिफ्लोझिनसारखी औषधं आहेत, जी शुगरबरोबर हृदयालाही सांभाळतात. मार्च २०२५मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं भारतातलं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. उलट, झटका आलेला नसताना शेजाऱ्याचं बघून रोज ॲस्पिरिन घेणारेही आहेत. त्यांना सांगा, तेही डॉक्टरांना विचारूनच. रक्तस्रावाचा धोका असतो.

मला यंदा काय हवंय ते आता मांडते. शिबिर आरतीच्या गर्दीत नको, सकाळी सातला शाळेच्या व्हरांड्यात घ्या, म्हणजे लोक उपाशी येतील आणि ढोल-ताशाच्या दणक्यात बीपी मोजावं लागणार नाही. बीपी शुगरच्या आधी, पाच मिनिटं गप्प बसवून, दोनदा. कार्ड नव्याने छापा: बीपी, कंबर, तंबाखू-मशेरी, आई-वडिलांना झटका आला का आणि कितव्या वर्षी, आणि शेवटी शुगर. 'ठीक' लिहायला जागाच ठेवू नका. तिथे 'पुढे कुठे जायचं' लिहा. आशाताईंना बोलवा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकासाठी त्यांच्याकडे सरकारी फॉर्म असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, घरातला आजार यांना गुण देऊन बेरीज करतात आणि चारच्या वर गेलेल्याला आधी तपासणीला पाठवतात. आपण बॅनर लावून जे करत नाही ते त्या बिनबॅनरच्या करतात.

आणि फोन नंबर लिहून घ्या. हे सगळ्यात महत्त्वाचं. विसर्जन झालं, बांबू सुटले, की आपलं शिबिर संपतं. ज्याचं बीपी १७० निघालं तो तिथून पुढे एकटा. तुमच्याकडे वर्गणीची थकबाकी वसूल करायला तीन-तीन फेऱ्या मारणारी पोरं आहेत. त्यांच्यातल्याच चौघांना नवरात्राआधी एक फेरी या लोकांच्या घरी मारू द्या: गेलात का दवाखान्यात, काय म्हणाले, गोळी चालू आहे ना. खर्चाचं म्हणाल तर लॅबवाल्यांशी एचबीए१सीचा भाव मी ठरवून देते, एकतीस वर्षांची ओळख आहे. मिरवणुकीतला एक स्पीकरचा थर कमी करा, त्यात ज्यांना गरज आहे त्यांचं होऊन जाईल.

टेम्पोवाल्याला मी विचारलंय. त्याची बायको पहिली कंबर मोजून घ्यायला तयार आहे, आणि तो स्वतः तंबाखूच्या रकान्यापाशी खुर्ची टाकून बसणार आहे. म्हणतो, माझ्याशी कोणी खोटं बोलणार नाही. टेप मी आणते. बीपीच्या यंत्रात गेल्या वर्षीचेच सेल आहेत, तेवढे नवे घालून ठेवा.

तुमची,
रक्तवाल्या काकू